आमची वाटचाल : पांढऱ्याचा गुलाबी झाला तेव्हा

नव्या कॅटलॉगचं पहिलं पान मुलीने माझ्यासाठी रिकामं ठेवलंय. "बाबा, आमची वाटचाल. दोनशे शब्द. आणि ते गुलाबी प्रकरण लिहू नका." दोनशे शब्दांत मी शुक्रवार पेठेतून स्वारगेटलासुद्धा पोचणार नाही, आणि गुलाबी प्रकरण गाळलं तर मग लिहायचं काय?

2004 साली पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत आम्ही कपड्यांवर स्क्रीन प्रिंटिंगची सुरुवात केली. एक लाकडी टेबल, जाळीच्या सहा फ्रेमा, शाई ओढायच्या दोन स्क्वीजी आणि एक हेअर ड्रायर. ड्रायर बायकोचा, तो तिला अजून परत मिळालेला नाही. श्रावणात त्या खोलीत जाळीवरचा लेप, म्हणजे इमल्शन, सुकायचं नाही. फ्रेमा स्वयंपाकघरात नेऊन शेगडीपासून हातभर लांब उभ्या करायच्या आणि आमटीची फोडणी उडू नये म्हणून पुढ्यात वर्तमानपत्र धरून बसायचं. पहिली दोन वर्षं गणपती मंडळांचे टी-शर्ट आणि ढोल पथकांचे झब्बे एवढंच काम. नग भरपूर, कौतुक त्याहून भरपूर. पण अनंत चतुर्दशीनंतर मंडळाचा खजिनदार शोधून दाखवा. 2005 ची एक उधारी अजून वहीत आहे. कार्यकर्ता पुढे मोठा माणूस झाला, भेटला की मिठी मारतो.

मास्तर पहिल्या दिवसापासूनचे भागीदार, चार आणे त्यांचे. शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात ते बावीस वर्षं कटिंग मास्तर होते. त्यांची बारा इंची कात्री, मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली, ती कुणी उचलायची नाही. एका पोऱ्याने तिने पुठ्ठा कापला म्हणून मास्तर दोन दिवस कामावर आले नव्हते. कापड आलं की आधी गालाला लावायचे, मग दोन अंगठ्यांत ताणायचे आणि वजनाचा आकडा सांगायचे. "एकशे ऐंशी म्हणतोय ना? एकशे सत्तर आहे, शेठ." पुढे मी कापडाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते काढायचा कटर आणला. गोल, पितळी रंगाचा, खाली चार पाती. कापडावर दाबून फिरवला की शंभर चौरस सेंटिमीटरची चकती निघते. ती काट्यावर ठेवायची आणि ग्रॅमला शंभराने गुणायचं. 1.8 ग्रॅम म्हणजे 180. मास्तरांचा गाल आणि माझा काटा यांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक मी कधी पाहिला नाही. तरी ते कटरला 'खेळणं' म्हणायचे.

भोसरीचे काका आले ते मंडळाच्या टी-शर्टवरून पत्ता काढत. त्यांचं टर्निंगचं वर्कशॉप, तेव्हा अकरा माणसं. त्यांना अकरा शर्ट हवे होते, खंडेनवमीला मशीनच्या पूजेला सगळ्यांनी घालायला. अकरा नगांसाठी स्क्रीन बनवणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. मी नाही म्हणणार होतो. काका म्हणाले, "लोगो नंतर बघू. खिसा कसा करणार ते सांग. पेन आणि सहा इंची पट्टी उभी राहिली पाहिजे, आणि माणूस लेथवर वाकला तर दोन्ही पडता कामा नयेत." मास्तरांनी मशीनवरून मान वर केली. एवढं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदा भेटलं होतं. खिशाचे तीन नमुने झाले. शेवटी आतून पेनाची वेगळी शिलाई घातली आणि खोली साडेसहा इंच धरली. वेल्डिंगवाल्या दोघांना शंभर टक्के कॉटन, कारण ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. रंग राखाडी, तेल दिसू नये म्हणून. काकांनी सगळे पैसे आगाऊ दिले आणि पावती मागितली. तेव्हापासून दर दसऱ्याला तोच खिसा जातो. फक्त अकराचे साठ झाले.

आजही कंपन्यांचे एचआरवाले आले की पहिला प्रश्न लोगोचा. किती मोठा, कुठे, कोणत्या पॅन्टोन नंबरच्या रंगात. माणूस लोगो घालत नाही हो, कापड घालतो.

2009 साली जुनं ताजिमा एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं, एक डोकं, बारा सुया. धायरीला गाळा घेतला. माणसं चौदा झाली. चार-पाच वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता तो मुलगा. नाव घेत नाही. आमच्याच काउंटरवर तीन वर्षं होता. पंचिंग, म्हणजे लोगोची टाक्यांची फाइल बनवणं, इथेच शिकला, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मात्र तो घरूनच शिकून आला होता. 2013 च्या दिवाळीत बोनस घेतला आणि पाडव्याला आमच्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे गाळ्याची पूजा केली. मला बोलावलं होतं. मी गेलो, नारळही दिला. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या पंचिंगच्या फाइली पेनड्राइव्हमधून तिकडे गेल्यात हे जानेवारीत कळलं. एका लोगोत 'म'च्या गाठीपाशी आमच्याकडून एक टाका जास्त पडायचा. त्याच्याकडच्या टोपीवर मला तोच टाका दिसला.

त्याच महिन्यात चाकणच्या एका कंपनीची चौकशी आली. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्यासाठी 2,400 ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर वाळणारे पॉलिस्टरचे टी-शर्ट, मरून रंग, पाठीवर मोठा पांढरा लोगो. माझा रेट 210. परचेसच्या साहेबांनी कागद फिरवून माझ्यापुढे धरला. समोरच्याचे 185. अंगठ्याने नाव झाकलं होतं, पण लेटरहेडचा फॉन्टसुद्धा त्याने आमचाच ठेवला होता.

मी 185 ला हो म्हणालो. इथे माझं चुकलं, आणि ते मी कुणावर ढकलत नाही. थोडंफार ढकलतो.

25 रुपये कुठून काढायचे? कापडात सात, शिलाईत चार, नफा जवळजवळ सगळा. आणि शाईत दोन. गडद पॉलिस्टरवर पांढरा छापायचा तर कापडाचा रंग वर चढू न देणारी लो-ब्लीड शाई लागते, खाली राखाडी बेस मारावा लागतो. मी साधी पांढरी प्लास्टिसॉल शाई घेतली. 4,800 रुपये वाचले. मास्तर म्हणाले, "शेठ, मरूनवर साधा पांढरा? दोन दिवस नमुना ठेवून बघू." दोन दिवस होते कुणाकडे? नमुना शाई पक्की करायच्या ड्रायरमधून काढला तेव्हा बर्फासारखा पांढरा होता. पास केला.

या धंद्यातल्यांना पुढचं कळलं असेल. पॉलिस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन सुटतो. साधी प्लास्टिसॉल पक्की व्हायला 160 अंशांच्या आसपास तापवावी लागते, म्हणजे सुटायला त्याला आयतंच निमित्त. सुटलेला रंग वरच्या शाईत चढतो, आणि तो लगेच दिसत नाही. काही तास, कधी काही दिवस लागतात. त्यात आम्ही घाईत. ड्रायरच्या पट्ट्यावरून उतरलेला माल गार न करता घडी, पिशवी, खोका. गरम पुऱ्या झाकणाच्या डब्यात भराव्यात तसा. आतल्या आत उष्णता कोंडली.

1 मार्च, शनिवार, माल गेला. रात्री सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. सोमवारी दुपारी फोन आला.

"साहेब, लोगो गुलाबी करायचं आपलं कधी ठरलं होतं?"

मला वाटलं, चेष्टा आहे. टेम्पोवाल्याला घेऊन तसाच निघालो. चाकणच्या त्यांच्या स्टोअरमध्ये चाळीस खोकी उघडी पडली होती. वरचे दोन-तीन टी-शर्ट फिकट, खाली जावं तसा रंग गडद. तळाचे तर सरळ लग्नाच्या आहेराच्या पाकिटासारखे. एका खोक्यात लोगोवर घडीची पांढरी रेघ राहिली होती, तिथे हवा लागली असणार. मी ती रेघ बोटाने चोळत उभा होतो. स्टोअरचा पोरगा म्हणाला, "काका, पाणी देऊ?"

सगळा लॉट परत. 1,33,200 रुपये आगाऊ घेतले होते, तेही परत. तिरुपूरच्या कापडवाल्याचं देणं उभं, हप्ता उभा, चौदा माणसांचे पगार उभे. मी परचेसच्या साहेबांना सांगितलं, पंधरा दिवसांत सगळा माल माझ्या खर्चाने नव्याने करून देतो. म्हणाले, "सुरक्षा दिन पंधरा दिवस थांबतो का?" त्यांचं चूक नव्हतं. पण आधीची काही वर्षं त्यांच्या छोट्यामोठ्या ऑर्डरी वेळेवर दिल्या होत्या. केबिनमध्ये बसवून हे सांगता आलं असतं. त्यांनी मला वॉचमनच्या टेबलाशी उभं करून सांगितलं. पुढच्या वर्षी तीच ऑर्डर समोरच्याला गेली. कोणत्या रेटने? 210. माझ्याच.

त्या उन्हाळ्यात गाळा बंद करायचा जवळजवळ ठरलं होतं. भिशी बोली लावून तोट्यात उचलली. मास्तरांनी पाच महिने पगार उचलला नाही आणि तसं तोंडाने एकदाही बोलले नाहीत. पाकीट दिलं की टेबलाच्या खणात टाकायचे आणि निघून जायचे. जुलैत खण उघडला तर पाचही तशीच.

भोसरीचे काका चैत्रात आले. कुणीतरी सांगितलं असणार. गुलाबी ढिगापाशी उभं राहून एक टी-शर्ट उचलला, हाताने घासला. "मशीन पुसायला चिंध्या लागतातच मला. पण हे पॉलिस्टर, तेल पुसत नाही, नुसतं फिरवतं. कॉटन असतं तर सगळे नेले असते." आणि दसऱ्याच्या साठ शर्टांचे 13,200 रुपये सहा महिने आधी काढून ठेवले. त्यातून दोन महिन्यांचं लाइट बिल गेलं, बाकी काही नाही. पण मीटर कापायला आलेला माणूस परत गेला.

समोरच्याचे टी-शर्ट पुढच्या मार्चनंतर माझ्या हाती आले. कंपनीतल्या एका ओळखीच्याने धुतलेला आणून दिला. कटर लावला. 1.52 ग्रॅम. कोटेशनमध्ये 180 लिहिलेलं, कापड 152 चं. छातीवर बारा हजार टाक्यांची एम्ब्रॉयडरी, त्यामुळे लोगोभोवती चुण्या, वाळलेल्या पापडासारख्या. चकती कागदाला टाचून साहेबांना पाठवली. उत्तर आलं नाही. ती चकती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. 2017 ला जीएसटी, 2020 ला टाळेबंदीत मास्क. आता अठरा माणसं आहेत.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. कोटेशन तीन मागवा, पण नमुना घेतल्याशिवाय सही करू नका. नमुन्यावर पेनाने 50 सेंटिमीटरची रेघ मारा, तीन वेळा घरच्यासारखा धुवा, मग मोजा. 48.5 च्या खाली आला तर परत पाठवा. गडद ड्रायफिटवर पांढरा छापणार असाल तर नमुना आठवडाभर बंद पिशवीत ठेवा. हे मला कुणी सांगितलं असतं तर, म्हणजे मास्तरांनी सांगितलंच होतं. साइझचं गणित मागच्या वर्षीच्या कागदावरून उचलू नका. हिंजवडीच्या आयटीत एक्सएल संपतो तेव्हा भोसरीच्या कारखान्यांत एम संपलेला असतो. बायकांसाठी पुरुषांचा एस देऊ नका, वेगळा कट घ्या. त्या घालत नाहीत आणि कुणी विचारत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाने संगणकावर काढलेला सात छटांचा लोगो सुईने निघत नाही. पाच मिलिमीटरपेक्षा बारीक अक्षर म्हणजे धाग्याचा गोळा. टॅगलाइन छातीवरून काढा.

आणि क्लायंटला द्यायचं असेल तर छातीवर मोठा लोगो टाकूच नका. तुमचा माणूस पगार घेतो म्हणून घालतो, क्लायंट का घालेल? बाहीवर, कापडाच्याच रंगात, अंगठ्याएवढा. एका गिऱ्हाइकाने शंभर जॅकेटांवर पाठभर नाव छापून घेतलं होतं. दिवाळीनंतर त्यातलं एक मी सारसबागेसमोर भेळवाल्याच्या अंगात पाहिलं. त्याला छान बसलं होतं. शिवाय भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, आणि सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांच्या वरच्या कपड्याला 18 टक्के जीएसटी लागतो. 2,600 चं जॅकेट 2,450 ला बसवता येतं, चेन साधी घ्या.

पैशांचं एक. कायदा म्हणतो, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या. त्याउप्पर थकवलेली रक्कम, ती दिली जात नाही तोवर, कंपनीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. मार्चअखेर आता आम्हालाच फोन येतात, "बिल बाकी आहे का हो तुमचं?" वीस वर्षांत हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता.

मास्तर आता येत नाहीत, गुडघे. कात्री इथेच आहे, मुठीची पट्टी मी बदललेली नाही. काकांचा मुलगा वर्कशॉप बघतो. गेल्या दसऱ्याला त्याने खिसा नको म्हणून सांगितलं, सगळे मोबाइलवर मोजतात म्हणे. काकांचा दुसऱ्या दिवशी फोन. "त्याचं ऐकू नकोस. खिसा पाहिजे."

गुलाबी टी-शर्ट पोटमाळ्यावर अजून दोनशेच्या आसपास असतील. काही मशीनवर धूळ बसू नये म्हणून घातलेत. ताजिमाला टू एक्सएल बरोबर बसतो.