तुम्ही विचारलंत म्हणून: चॅम्पियनला भीती वाटते का?

मी मुलांना बॅडमिंटन शिकवते, आणि टूर्नामेंट जवळ आली की कुणाची तरी आई मला बाजूला घेऊन विचारतेच, मॅडम, हिच्या मॅचच्या आधी पोटात गोळा येतो, कधी कधी उलटी पण होते, म्हणजे हिच्यात ते टेम्परामेंटच नाही का? मी दरवेळी मिकाएला शिफ्रिनचं नाव घेते आणि मग ती कोण इथपासून सुरुवात होते, म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते.

शिफ्रिन अमेरिकेची, कोलोरॅडोची स्की रेसर. तिचा मुख्य प्रकार स्लॅलम, म्हणजे बर्फाच्या उतारावर एकमेकांच्या अगदी जवळ रोवलेल्या खांबांमधून (त्यांना गेट म्हणतात) नागमोडी खाली यायचं, दोन रन, दोन्हीचा टाइम मिळून निकाल, आणि एक गेट चुकलं की खेळ खल्लास. २०१४ ला सोचीमध्ये १८ वर्षांची असताना तिने यात ऑलिम्पिक गोल्ड मिळवलं. दुसऱ्या रनमध्ये तिचा एक स्की मध्येच हवेत उचलला गेला होता, आता पडतेय असंच वाटतं, पण ती सावरली आणि लगेच पुढच्या गेटला भिडली. तो व्हिडिओ मुलांना नक्की दाखवा.

आता उलटीचं. २०१८ ला प्योंगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलमचं (तोच प्रकार, पण गेट्स जास्त लांब-लांब आणि वेग जास्त) गोल्ड घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी स्लॅलमच्या स्टार्टआधी तिला उलटी झाली. गोल्ड गळ्यात पडून एक दिवस झालेला, तरी! त्या रेसमध्ये ती चौथी आली. २०२२ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तर स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन्हीत पहिल्याच रनमध्ये सुरुवातीलाच बाहेर, आणि स्लॅलमनंतर ती कोर्सच्या कडेला बर्फात डोकं खाली घालून बसून राहिली, सगळं जग बघत होतं. तरीही पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ८७ वी वर्ल्ड कप रेस (स्कीइंगमध्ये वर्ल्ड कप म्हणजे दर हिवाळ्यात चालणारी रेसेसची मालिका) जिंकून तिने स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ विजयांचा रेकॉर्ड मोडला.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती नंतरची गोष्ट. नोव्हेंबर २०२४, अमेरिकेतलंच किलिंग्टन, घरचं पब्लिक, वर्ल्ड कपचे ९९ विजय झालेले, जायंट स्लॅलममध्ये पहिल्या रननंतर पुढे, आणि दुसऱ्या रनमध्ये ती जोरात पडली, पोटात खोल जखम झाली, स्नायू फाटले. दोनेक महिन्यांत परत आली खरी, पण जायंट स्लॅलममध्ये भीती जाईना. तिने ते लपवलं नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्वतःचंच टायटल असलेली ती रेस सोडून दिली, उघड सांगून. मग फेब्रुवारी २०२५, इटलीतलं सेस्ट्रिएर, शनिवारी जायंट स्लॅलममध्ये पहिल्या ३० मध्ये पण नाही म्हणून दुसरा रनच मिळाला नाही, आणि रविवारी तिथेच स्लॅलम जिंकून १०० वा विजय. आदल्या दिवशीची नाचक्की दुसऱ्या दिवशीच्या स्टार्टला घेऊन जायची नाही, हे तिला जमतं, आणि माझ्या मते जिद्द जिद्द म्हणतात ती हीच. त्यात भीती नसतेच असं कुणी सांगितलं तुम्हाला?

तेव्हा ताई, तुमच्या लेकीला उलटी झाली तर पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. घाबरू नकोस असं काही म्हणू नका, पहिली सर्व्हिस कुठे टाकणार तेवढंच विचारा आणि कोर्टवर सोडा, बाकीचं मी बघते.