आमची वाटचाल : जोडीच्या दरापासून थव्यापर्यंत

डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचं रंगीत माशांचं दुकान. २००७ च्या दसऱ्याला नारळ फोडला तेव्हा ११० चौरस फुटांची जागा होती, लोखंडी मांडणीवर १८ टाक्या, आणि भांडवल म्हणजे धाकट्या भावाचे नोकरीतले साठलेले पैसे आणि सौ.ची एक पाटली. पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात जायचं, माल निवडायचा आणि लगेजच्या डब्यातून परत यायचं. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, वर घट्ट रबर. ठाण्यानंतरच्या गर्दीत पिशवी दबू नये म्हणून भाऊ ती छातीशी धरून उभा राहायचा.

त्या काळी धंद्याची रीत एकच होती : मासा जोडीने विकायचा. पाटीवर भाव जोडीचा, गिऱ्हाईक मागायचं तेही जोडीनेच. ‘ह्याची एक जोडी द्या, त्याची एक द्या.’ आम्हीही देत होतो.

२००८ च्या दिवाळीच्या सुट्टीत एक आजोबा नातीला घेऊन आले. दीड फुटी टाकी घेतली. मुलगी बोट दाखवेल तो मासा मी जाळीने काढत गेलो. टायगर बार्बची जोडी, गप्पीची, एंजलची, निऑन टेट्राची, गोल्डफिशची आणि शेवाळ खायला म्हणून एक सकर. आठव्या दिवशी ती मुलगी स्टीलचा डबा घेऊन आली. डब्यात गप्पीचा नर होता. शेपटीचा पंखा गेला होता, जागेवर नुसतं पांढरं टोक उरलं होतं, आणि तो पृष्ठभागाला तोंड लावून श्वास घेत होता. ‘काका, ह्याला शेपूट परत येईल का?’ पंख मुळापर्यंत खाल्ला नसेल तर परत येतो. ह्याचा खाल्लेला होता. तो मासा आमच्याकडेच त्या रात्री गेला. आजोबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, त्याचं मला जास्त लागलं.

त्या टाकीत जे झालं ते सगळं टाळता येण्यासारखं होतं. टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा. आठ-दहा जण असले की त्यांची पळापळ, ढुशा, मोठा कोण आणि धाकटा कोण ही सगळी भांडणं आपसांत मिटतात. दोनच ठेवले की तीच रग शेजारच्या संथ माशाच्या लांब पंखांवर निघते. एंजल मोठा झाला की निऑन त्याचा घास होतो. गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि तो घाणही पुष्कळ करतो. सकर फुटाहून मोठा वाढतो, दीड फुटी टाकीत तो वळणार कुठे? आणि गप्पीची तर जोडीच चुकीची. एक नर, एक मादी ठेवली की नर तिला दिवसभर सतावतो. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात.

पुढच्या गुढीपाडव्याला आम्ही जोडीची पाटी उतरवली. नवी लावली ती थव्याची : सहा, आठ, दहा. दुसरा नियम त्याहून कडक होता. टाकी आज न्या, मासे महिन्याने. नव्या टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला तीन ते सहा आठवडे लागतात. आम्ही आमच्या चालू टाकीतला मुरलेला स्पंज सोबत देतो, म्हणजे काम लवकर होतं. पण पैसे मोजून रिकामी टाकी घरी न्यायची हे लोकांना पटेना. पहिलं वर्ष वाईट गेलं. समोरच्या गल्लीत त्याच दिवशी सगळं मिळत होतं. भाऊ म्हणाला, ‘दादा, तत्त्वाने भाडं भरता येत नाही.’ त्याचं चुकीचं नव्हतं.

लोक परत आले ते काउंटरवरच्या टाकीमुळे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण १८० लिटर पाणी. तळाला काळी वाळू, मागे काळा कागद, कडेला दाट झाडं आणि मधे मोकळी जागा. वरच्या थरात बारा झेब्रा डॅनिओ, मधे दहा चेरी बार्ब, तळाशी सहा कोरीडोरास. एवढंच. लोक थांबून विचारायचे, ह्या चेरी बार्बला रंग कुठला घालता? काहीच घालत नाही. पांढऱ्या गिट्टीवर, उघड्यावर मासा घाबरतो आणि फिका पडतो. गडद तळ आणि लपायला पाला मिळाला की रंग उघडतो. शिवाय शेजारी दुसरा नर असला की चेरी बार्ब अंग ताणून, पंख उभारून लालभडक होतो. एकट्याला कुणापुढे लाल व्हायचं?

निऑनचं वेगळंच. घेऊन गेल्यावर पहाटे सहाला फोन येतो, ‘काका, रात्रीत मासे पांढरे पडले!’ निऑन अंधारात झोपताना रंग आवरून घेतो. दिवा लावा, अर्ध्या तासात निळी रेघ परत येते. हा फोन आजही महिन्यातून एकदा येतो आणि मला आवडतो, कारण उठल्या उठल्या कुणीतरी टाकीकडे पाहिलेलं असतं.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट मी विसरणार नाही. एका घाऊक व्यापाऱ्याने मला गुलाबी, हिरव्या पट्ट्यांचे ‘नवीन’ मासे दिले. तो आपल्याच देशातला काचमासा होता, आरपार दिसणारा, आतला काटान् काटा मोजता येईल असा. त्याच्या अंगात सुईने रंग भरला होता. दोन महिन्यांत रंग उतरला आणि बरेचसे मासे मेले. तेव्हापासून टोचलेला मासा आमच्या दुकानात येत नाही, कितीही मागणी असो.

खरं तर आपल्याकडे रंगाला तोटा नाही. झेब्रा डॅनिओ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. रोझी बार्ब इथलाच. मिस केरळ तर केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांमधला, शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला (जीनस) नावच ‘सह्याद्रिया’ दिलंय. लाल-काळ्या पट्ट्याचा हा मासा नद्यांमधून इतका उपसला गेला की आज तो धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. आम्ही तो फक्त पैदाशीतला घेतो, आणि चार फुटी टाकी असलेल्यालाच देतो.

सकर मात्र आम्ही विकत नाही, उलट परत घेतो, फुकट. वाढला की लोक तो तलावात सोडतात, आणि पुढे तो उजनीसारख्या धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. खरखरीत अंगाने जाळी फाटते आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. नको असलेला कुठलाही मासा आमच्याकडे आणून द्या, पण नदीत सोडू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

२०२० ची टाळेबंदी भावाने दुकानातच झोपून काढली. वीज गेली की बॅटरीचे पंप.

गेल्या वर्षी बदलापूरला एक शेड घेतली, स्वतःची पैदास करायला. पावसाचं पाणी साठवतो, त्यात चेरी बार्ब चांगला रमतो. मादी झाडांच्या बारीक पानांत अंडी देते आणि आई-बापच ती खातात, म्हणून अंडी दिली की जोडीला लगेच उचलावं लागतं. हे काम सौ. करते, माझा हात तेवढा हलका नाही. पहिल्या खेपेची पिल्लं आता अडीच महिन्यांची आहेत. काही नरांच्या पोटाखाली लाली दिसायला लागली आहे. दोघे-तिघे चौकशी करून गेले. अजून महिनाभर ती आम्ही कुणाला देणार नाही.