एका कंटेनरच्या फाइलवरून आखलेली चार वर्षं

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा मी बारावीत होते. आमचा लाल कांदा काढणीला आला होता. लासलगावला लिलाव थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव पार उतरले होते. दिल्लीत एक कागद निघतो आणि निफाड तालुक्यातल्या घराघरांतलं जेवण गप्प होतं, ते कसं, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून २०२४ मध्ये मी नाशिकला आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला. पंचवटीत आत्याकडे राहायचं आणि सिटी बसने गंगापूर रोडला कॉलेजात जायचं, असं ठरलं.

नव्या शैक्षणिक धोरणात विषय आपण निवडायचे असतात. दर सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), तीन वर्षांत १२० ते १३२, चार वर्षांत १६० ते १७६. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय, कौशल्याचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, असे सगळे रकाने भरायचे. पहिल्या सत्रात मैत्रिणींनी घेतलं तेच मी घेतलं. ओपन इलेक्टिव्ह म्हणून वाणिज्य शाखेचाच पेपर लिहिला आणि फॉर्म परत आला, कारण तो विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. शेवटच्या दिवशी जागा शिल्लक होती तो घेतला. अशी आठ सत्रं गेली तर हाती फक्त गुणपत्रिकाच राहील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

दिवाळीत मामांकडे पिंपळगाव बसवंतला गेले. मामा द्राक्षांच्या पॅकहाऊसवर, म्हणजे निर्यातीचा माल निवडून भरतात तिथे, कागदपत्रांचं काम बघतात. मी म्हटलं, "मामा, एका कंटेनरची पूर्ण फाइल दाखवाल का?" त्यांनी त्याच वर्षीच्या हंगामात नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला गेलेल्या मालाची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

त्या फाइलने माझं काम केलं. ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची बागेची नोंद, औषधांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल, अ‍ॅगमार्कचा म्हणजे प्रतीचा दाखला, फायटो म्हणजे रोगकीडमुक्तीचा दाखला, कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा अर्ज, बिल ऑफ लॅडिंग म्हणजे जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती, विम्याचा कागद, बँकेचा पत्रव्यवहार. तो कंटेनर न्हावा शेव्याहून निघाला तेव्हा तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते. त्यामुळे जहाज सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेलं. रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली द्राक्षंसुद्धा वाढलेल्या दिवसांनी थकतात. देठ सुकून तपकिरी पडतात. मग वाढीव भाडं कोणाचं, विमा कोणी उतरवायचा? एफओबी (भाडं-विमा खरेदीदाराकडे) की सीआयएफ (भाडं-विमा विक्रेत्याकडे), या तीन अक्षरांवर ते ठरतं, हे मामांनी त्या इनव्हॉइसवर बोट ठेवून दाखवलं. वर्गात मी ही व्याख्या पाठ केली होती; अर्थ इथे कळला.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी त्या फाइलमधले कागद एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकासमोर अभ्यासक्रमातला पेपर मांडला. इनव्हॉइससमोर कॉस्टिंग म्हणजे खर्चाचा हिशेब, बँकेच्या पत्रासमोर परकीय चलन, शिपिंग बिलासमोर सीमाशुल्क आणि परराष्ट्र व्यापार धोरण. दोन कागदांसमोर जागा रिकामी राहिली, सागरी विमा आणि खरेदीदाराशी चाललेला पत्रव्यवहार. ऐच्छिक विषय या दोन जागांसाठीच वापरायचे, असं मी तिथेच ठरवलं. रॉटरडॅमला उतरलेला माल पुढे जर्मनीतही जातो, म्हणून दुसऱ्या सत्रापासून ओपन इलेक्टिव्हचे सगळे क्रेडिट जर्मनला दिले. दर वेळी वेगळा विषय घेतला असता तर कुठलाच कामाला आला नसता. पहिल्या सत्रातले ते क्रेडिट वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

मग क्रम लावला. हिशेबशास्त्र झाल्याशिवाय कॉस्टिंग नाही, अर्थशास्त्राशिवाय परकीय चलन नाही, संख्याशास्त्राशिवाय संशोधन पद्धती नाही. आमच्या मेंटॉर मॅडमनी तक्ता शांतपणे वाचला आणि पाचव्या सत्राभोवती गोल काढला. "लॉजिस्टिक्स हा पेपर आपल्याकडे फक्त विषम सत्रात असतो, तोही पुरेशी मुलं आली तरच. नाही आली तर तू काय करशील?" हे मला कुठल्याही पुस्तिकेत दिसलं नव्हतं. त्यावर पर्याय म्हणून स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरचा १२ आठवड्यांचा कोर्स शोधला आणि क्रेडिट धरले जातील अशी लेखी परवानगी आधीच घेतली. नोंदणीनंतर परवानगी मागणाऱ्यांची फार ओढाताण होते, ती मी जवळून पाहिली आहे. अपार आयडीवरचं (क्रेडिट ज्यावर जमा होतात त्या विद्यार्थी ओळख क्रमांकावरचं) नाव आणि गुणपत्रिकेवरचं नावही तेव्हाच जुळवून घेतलं.

चौथ्या वर्षाबद्दल घरी बरंच बोलणं झालं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, मग आणखी एका वर्षाची फी का भरायची, हा पप्पांचा प्रश्न रास्त होता. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. मी त्यांना म्हटलं, निर्णय सहाव्या सत्रात घेऊ, पण दार उघडं ठेवायचं तर गुण आणि संख्याशास्त्र आत्तापासून सांभाळायला हवं. ते मान्य झालं. मायनर म्हणून मी अर्थशास्त्रच ठेवलं. कांद्याची बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. त्याचा हिशेब मला स्वतः मांडता यायला हवा होता.

ओजेटी चार क्रेडिटची आहे, सहाव्या सत्रात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल २०२७. नेमका द्राक्षांचा हंगाम. म्हणून त्या सत्रात दुसरं कुठलंच जादा ओझं ठेवलेलं नाही. आता चौथं सत्र संपलं आहे आणि तक्त्यात आठव्या सत्राचा रकाना अजून पेन्सिलीतच आहे. परवा मामांना फोन करून विचारलं, कुठल्या तारखेपासून येऊ? ते म्हणाले, "पोरी, तारीख आत्ता नाही सांगता येणार. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची वेलींची छाटणी) कधी होते ते बघू, तिथून १२० ते १३० दिवस धर." मी कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानाला खूण करून ठेवली आहे.