आमची वाटचाल : उतारावरची शेनिन

नाशिकजवळ दिंडोरी तालुक्यात डोंगराला लागून आमची शेनिन ब्लाँ या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाची बाग आहे. जमीन मुरमाड, आणि उतार असा की ट्रॅक्टर आत घालता येत नाही. भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, 2002 साली ती लावली. वायनरींना चालना देणारं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आदल्याच वर्षी आलं होतं. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइनही 2000 साली बाजारात आली होती, त्यामुळे तालुक्यात उमेद होती. खालच्या काळ्या रानात थॉमसन ही खायची द्राक्षं ठेवून भाऊंनी वरचा माळ शेनिनला दिला.

2008 नंतर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, वाइनची मागणी बसली. टाक्या भरलेल्याच राहिल्या, द्राक्ष उचलायला कोणी येईना. आजूबाजूच्या बागा एकामागून एक निघाल्या. आमची बाग थॉमसनच्या पैशावर जगली. भाऊंचं म्हणणं एवढंच होतं : ‘मुळं आत्ता कुठं मुरमात उतरलीत, आता कुऱ्हाड नाही लावायची.’ 2014 साली आम्ही छोटी वायनरी काढली, ती याच शब्दाच्या आधारावर.

युरोपात पन्नास-साठ वर्षांच्या वेलीला जुनी म्हणतात. नाशिकच्या मानाने आमच्या वेली म्हाताऱ्याच. माल कमी देतात, पण घड लहान आणि दाणा घट्ट. परतीचा पाऊस झाला तरी उतारावर पाणी थांबत नाही. केवडा या बुरशीरोगाचं भय मात्र राहतंच, म्हणून घडाभोवतीची पानं हातानं काढून हवा खेळती ठेवावी लागते. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, वांझ फुटी काढणं, सगळं हातानं. पेठ-सुरगाण्याकडच्या बायामाणसांशिवाय हे होत नाही. कुठल्या काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, राखायच्या, हे त्यांनी वेल पाहून ठरवायचं. तिथे आम्ही मालक म्हणून बोलत नाही.

तोडणी जानेवारीअखेरीस सुरू होते, तीही पहाटे, बॅटरीच्या उजेडात. थंडीत तोडलेला घड गार राहतो, रस काळवंडत नाही. तोडायचा दिवस साखरेइतकाच आंबटपणा पाहून ठरतो; ऊन चढायला लागलं की आम्ल झपाट्यानं उतरतं. रस स्टीलच्या टाकीत पंधरा अंशांच्या आसपास सावकाश आंबतो, साखर जवळजवळ संपेपर्यंत. लिटरमागे चार ग्रॅमच्या आत साखर उरली की ती ड्राय, म्हणजे कोरडी वाइन.

शेनिन मूळची फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली. तिथे ती कोरडीही करतात आणि पार गोडही. नाशिकात बरीच शेनिन किंचित गोड ठेवतात, आणि दुकानदारांनी आम्हालाही तेच सुचवलं. आम्ही ऐकलं नाही. गोडीखाली पेरूचा वास आणि मुरमाचा खरखरीतपणा दबतो, आणि त्याच दोन गोष्टींसाठी ही बाग राखलीय. तळलेलं पापलेट किंवा कोथिंबीर वडीसोबत ही वाइन घेऊन पाहा, गोडीची गरजच वाटत नाही.

मेलेल्या वेलींच्या जागी आता डॉगरिज जातीचे, कलमाला मुळं पुरवणारे खुंट लावलेत. त्यांवर याच बागेतल्या काड्यांची कलमं बांधायचं काम सुरू आहे.