चकवा, मुंजा आणि मांडूळ : सोलापूरच्या माळावरून

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. माळढोकासाठी १९७९ साली घोषित झालेलं अभयारण्य इथलंच. मी गेले तेव्हा सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, सिद्धेश्वर मंदिराकडे पाय ठेवायला जागा नव्हती. इकडे मात्र वाळलेलं पिवळं गवत, लांबवर काळविटांचा कळप आणि वारा. माळढोक दिसला नाही. देशभरात मिळून आता दीडशेच्या आतच उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात.

मला ओढ होती ती माळावरच्या गोष्टींची. मैत्रिणीच्या मामांचं शेत माळाला लागूनच आहे. दिवस मावळला तशी हुरड्याची आगटी पेटली. मामी आरातलं मालदांडीचं कणीस उचलायच्या, हातावर चोळायच्या आणि हिरवे गरम दाणे ताटलीत पाडायच्या, सोबत शेंगाचटणी. गप्पा आपसूक चकव्यावर आल्या.

"माझ्या आज्ज्याला लागलता की चकवा, पोरी," मामा म्हणाले. "बाजार करून निघाला, रातभर चालला. पहाटं बगतोय तर जिथनं निघाला तितंच, वड्याच्या काठाला!"

आगटीभोवतीच्या जवळजवळ प्रत्येकाकडे असा एक आज्जा किंवा चुलता होता. यातलं कुणी थापा मारतंय असं मला एकदाही वाटलं नाही. उपायही सगळ्यांचा एकच: चकवा लागला की आहे तिथंच बसायचं, उजाडल्याबिगर उठायचं नाही.

हा उपाय किती नेमका आहे! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना अनोळखी जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सोडून सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातली माणसं गोल गोल फिरली, आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र ढगाआड जाताच हळूहळू वळत आल्या दिशेने परत निघाला. मी हे सांगितलं तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे तिकडं बी चकवा हाय की!"

आहेच. पाय वळले तरी अंगाला ते जाणवत नाही. मी तर नाकासमोर चाललो होतो, मग मला फिरवलं कुणी? या प्रश्नाला 'कुणीतरी' हेच उत्तर सुचतं. त्यात या माळावर लांडगे खरेच आहेत. गवत हललं की वारा समजून पुढे जाणाऱ्यापेक्षा लांडगा समजून थबकणारा जगायची शक्यता जास्त. दहा वेळा उगाच भ्यायलं तर फारसं बिघडत नाही, एकदा भ्यायचं राहिलं तर जीव जातो. अशा भिऊन जगलेल्यांचीच आपण लेकरं. म्हणून शिकलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ओढ्याच्या पिंपळावर मुंजा आहे, असं मामींनी सांगितलं. सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला मुलगा. सकाळी मी मुद्दाम त्या पिंपळाखाली जाऊन उभी राहिले. बाभळीची डहाळीही हलत नव्हती, पण पिंपळ सळसळत होता. एक पान हातात घेतलं. देठ लांब, बारीक. धरून ठेवलं तरी नुसत्या श्वासाने पातं थरथरत होतं. सगळी झाडं गप्प असताना हे एकच झाड बोलतंय, आणि घरात लेकरू गेलेलं. त्या आईने त्याला तिथे ऐकलं असेल, तर तिला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

मांडुळाबद्दल मात्र मला चीड येते. बिनविषारी, मऊ मातीत राहणारा साप. शेपूट बोथट, म्हणून दोन तोंडांचा वाटतो. त्याला त्याचा फायदाच, कारण हल्ला करणारा डोक्याऐवजी शेपटीवर झडप घालतो. या शेपटीवरून गुप्तधन आणि पैशाच्या पावसाची कथा रचली गेली, आणि तिच्यावर लाखोंचे सौदे होतात. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ पासून राज्याचा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तरी तस्करी चालूच. चकव्याची गोष्ट सांगणारा काही मागत नाही. मांडुळाची गोष्ट सांगणारा वजन विचारतो, भाव सांगतो. इथे श्रद्धेला हात लावू नका म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

मामांच्या शेतात दरसाल एखादं मांडूळ निघतंच. मोटारीतून माणसं आली होती म्हणे, नांगरताना घावलं तर फोन करा, लाखाच्या खाली बोलणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उंदरं खातंय ते. पेवात ज्वारी हाय माझी," मामा म्हणाले, आणि बैलांना वैरण टाकायला उठले.