पिवळ्या चेंडूची घाई नको

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी टेनिसची पहिली रॅकेट घेताना पालक किंमत आणि कंपनी बारकाईने पाहतात, चेंडूचा विचार मात्र क्वचितच करतात. माझ्या मते पहिल्या दोन-तीन वर्षांत चेंडूलाच सर्वाधिक महत्त्व आहे. नेहमीचा पिवळा चेंडू टप्पा पडल्यावर एवढ्या लहान मुलाच्या खांद्याच्या, कधी डोक्याच्याही वर उसळतो. तो गाठण्यासाठी मूल मागे सरकत राहते, हात उंचावून कसाबसा फटका मारते आणि त्या धडपडीत रॅकेट धरण्याची चुकीची पद्धत हाताला बसते. लहान मुलांना शिकण्यासाठी बनवलेला लाल चेंडू पिवळ्याहून सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि कमरेच्या आसपास येतो, त्यामुळे मुलाला पाय रोवून, पूर्ण हात फिरवून तो मारता येतो.

२०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने दहा वर्षांखालील स्पर्धांतून पिवळा चेंडू नियमानेच बाद केला आहे. कुस्तीच्या मैदानात जोड लावताना वय आणि वजन पाहिले जाते, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. टेनिसमध्येही तोच न्याय हवा. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असते, तर लाल चेंडूचे कोर्ट साधारण ११ ते १२ मीटर आणि जाळी ८० सेंटिमीटर उंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात मातीची कोर्ट दीर्घकाळ बंद राहतात, तेव्हा एवढे कोर्ट एखाद्या सभागृहातही आखता येते, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

रॅकेट 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठी घेऊ नये. मोठ्यांची रॅकेट २७ इंचांची असते. या वयाला २१ किंवा २३ इंच पुरते. हात सरळ खाली सोडून धरल्यावर तिचे टोक जमिनीवर घासत असेल, तर ती मोठी आहे.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळली. आपले मूलही तिथवर जावे, या आशेत काहीच गैर नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाला 'आज जिंकलास का?' असे विचारू नये. आधी चेंडू फेकणे आणि झेलणे, मग खालून सर्व्हिस, मग जोडीदारासोबत न चुकता सलग दहा फटके, एवढीच उद्दिष्टे असावीत. सलग फटक्यांचा आकडा वाढला की मुले स्वतःहून आणखी खेळायला मागतात, आणि त्या वयात याहून मोठे यश मला दिसत नाही.

लाल चेंडूनंतरच्या टप्प्यातील नारिंगी चेंडूकडे साधारण आठव्या वर्षी वळतात, परंतु वाढदिवस हा निकष नव्हे. लाल चेंडूवर सर्व्हिस, परतीचा फटका आणि गुणांची मोजणी मुलाला स्वतः जमू लागली, की प्रशिक्षकांशी बोलून पुढचा चेंडू घ्यावा.