आमची वाटचाल : काळ्या तेलाचा हिशोब

"जास्त चाललेल्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की गिअरबॉक्स जातो." जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजवर हे ऐकायला मिळेल. या एका वाक्याने आमच्या गॅरेजच्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं लॉकडाऊननेही केलं नाही.

सुरुवातीची वर्षं क्लच प्लेट, ब्रेक शू आणि सस्पेन्शनमध्ये गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शहरात ऑटोमॅटिक वाढल्या तेव्हा आम्ही लिफ्टच्या आधी लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर घेतला. लोक हसले. पण हल्लीच्या बहुतेक गिअरबॉक्सना तेल बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच नसते. तेलाची पातळी ठराविक तापमानालाच बघायची असते, आणि बॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेला, म्हणजे चेंबरला, हात लावून 40 अंश कोणाला कळत नाहीत, ते स्कॅनरवरच दिसतात.

काम नीट बसत होतं, तेवढ्यात गावात एकाने प्रेशरचं फ्लशिंग मशीन आणलं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ फ्लेक्स लागला : अर्ध्या तासात गिअरबॉक्स नवा! आमचं काम दीड दिवसाचं, त्यांचं अर्ध्या तासाचं. टॅक्सीवाले एकेक करून तिकडे गेले. त्यांतल्या काही गाड्या नंतर टो होऊन आल्या, तेव्हा दोष मशीनला नाही, तेलाला लागला. "जुन्या गाडीचं तेल बदलूच नये" ही अफवा तिथून उठली आणि भोगली आम्ही. पगार थकले, दोन पोरं सोडून गेली, जागेचं भाडं थकलं. अजूनही लोक आम्हालाच विचारतात, "तुमच्याकडे मशीन नाही का?"

नाही, आणि घेणारही नाही. क्लच प्लेटांची झीज वर्षानुवर्षं चेंबरच्या तळाशी बसलेली असते. बाहेरून दाब मारला, त्यात फ्लशिंगचं केमिकल ओतलं, की तो गाळ उठून गिअर बदलायला तेल वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत आणि सोलेनॉइडमध्ये, म्हणजे तिच्या विजेवरच्या झडपांत, अडकतो. बॉक्सच्या स्वतःच्या पंपाने जुनं तेल काढत नवं भरण्याची पद्धत वेगळी, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही.

अफवेत थोडं खरं आहे ते असं. लोक तेल बदलायला येतात तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. डी टाकला, दोन सेकंद काही नाही, मग धाडकन झटका. रेस वाढते, गाडी ओढत नाही. म्हणजे प्लेटा आधीच संपल्यात. अशा बॉक्सला तेल हे औषध नव्हे. तेल नुसतं काळं असणं वेगळं आणि जळकट वास येणं वेगळं. चेंबरच्या चुंबकावर करडा चिखल असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारा कीस किंवा पितळी चमक दिसली तर आम्ही गिऱ्हाइकाला बोलावून चुंबक हातात देतो आणि ओव्हरहॉलचं बोलतो.

गाडी लिफ्टवर चारही बाजूंनी सपाट घेतली की आधी भरायचा बोल्ट सैल करायचा, मग ड्रेनचा. उलट केलं आणि भरायचा बोल्ट जाम निघाला, तर रिकामा बॉक्स घेऊन बसावं लागतं. निघालेलं तेल खुणा केलेल्या पारदर्शक कॅनमध्ये मोजायचं, तेवढंच परत भरायचं. चेंबर निघत असेल तर फिल्टर आणि पॅकिंग नवं घालायचं. चेंबरचे बोल्ट ताकदीने नव्हे, टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च भलतीकडेच जातो. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा.

बोल्ट काढून सगळं तेल कधीच निघत नाही. समजा एकूण 7 लिटर आहे, त्यातलं 3 निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्स तेलाने जोडणारा भाग), कूलर आणि नळ्यांत राहतं. एकदा बदलल्यावर जुनं 57 टक्के उरतं, दुसऱ्यांदा 33, तिसऱ्यांदा 19. म्हणून जास्त चाललेल्या गाडीला आम्ही मध्ये 200-300 किलोमीटर चालवायला लावून तीनदा बदलतो. 9 लिटर तेल लागतं. बिल बघून लोक तोंड वाकडं करतात, करू देत.

तेल लाल दिसलं म्हणजे चाललं असं नाही. टोयोटाच्या डब्ल्यूएस तेलावरच्या बॉक्सला डब्ल्यूएसच, ह्युंदाईच्या एसपी-4 वाल्याला एसपी-4 च. होंडाच्या सीव्हीटीला, म्हणजे बेल्ट-पुलीवर चालणाऱ्या बॉक्सला, एचसीएफ-2 लागतं. तिथे साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) घातलं तर बेल्ट घसरून पुलीला चरे पडतात. आणि एएमटीवाल्यांनी एटीएफ मागूच नये, तो आतून मॅन्युअल बॉक्स आहे, गिअर आपोआप पडतात एवढंच.

या सगळ्या काळात एक ट्रॅव्हल्सवाले काका मात्र हलले नाहीत. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशा फेऱ्या मारणारी त्यांची ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा तीन लाख किलोमीटरपुढे गेली आहे. दर वेळी काढलेलं तेल ते स्वतः बाटलीत भरून घेतात, वर तारीख आणि किलोमीटर लिहितात. त्यांच्या ऑफिसातल्या कपाटात त्या बाटल्या रांगेने उभ्या आहेत. फ्लेक्सवाल्याचा माणूस स्वस्तात करून देतो म्हणत गेला, तेव्हा काकांनी त्याला त्या रांगेसमोर उभं केलं.

आता न विचारता एक सांगतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. इथल्या बोअरला क्षार भरपूर, आणि बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो गंजून फुटला की पाणी तेलात जातं. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी सुरूही करू नका. बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतलं सगळं कोरडं फिरतं. फ्लॅटबेडच बोलवा.

आणि गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. धावून आलेल्या गाडीचं तेल 80-90 अंशांवर असतं. फुगलेलं तेल तपासणीच्या भोकातून जास्त वाहून जातं, थंड झाल्यावर बॉक्स कमी भरलेला निघतो आणि पंप हवा ओढतो. उलट फार थंड असताना पातळी लावली तर जास्तीचं तेल फेसाळतं. म्हणून कुठे 35 ते 45 अंश, कुठे 50 ते 60, जे कंपनीने दिलं असेल त्याच पट्ट्यात, इंजिन चालू, एसी बंद, सगळे गिअर एकदा फिरवून, धार तुटून थेंब थेंब पडायला लागलं की बोल्ट लावायचा. मे महिन्यात आम्ही हे सकाळी सातलाच उरकतो, कारण दुपारी शेडमध्ये उभी असलेली गाडीसुद्धा चाळिशी ओलांडते. "आत्ताच करून द्या, पुण्याला निघायचंय" म्हणणाऱ्यांना आम्ही चहा पाजतो, गाडी घेत नाही.